टेक्निकल ग्रुपवर नवीन माणसाने साधा प्रश्न विचारला की लोक अंगावर का येतात?

साखळीचा मास्तर
नमस्कार मंडळी. मी हायस्कूलात गणित शिकवतो, साखळीच्या बाजूला, वीसेक वर्षं झाली. २०२१ साली गोवा सरकारने आपल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं, केअर्स योजना म्हणतात ती, तेव्हा आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमना जोडीला कोणीतरी हवं म्हणून मी पण त्यात पडलो. आवडीने पडलो, कोणी जबरदस्ती केली नाही. स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीची चित्रांची कोडिंगची भाषा, ती जमली, मुलांबरोबर तिच्यातलं ते मांजर नाचवलं, मुलांच्या इतकीच मला मजा आली. मग वाटलं पुढची पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आपणच शिकून ठेवावी, उद्या एखादा हुशार पोरगा विचारील तर गप्प बसायला नको.

गेल्या महिन्यात काय झालं सांगतो. मी वर्डमध्ये नोट्स टाईप करून ठेवल्या होत्या, त्यातलीच एक प्रिंटची ओळ कॉपी करून चालवली तर एरर. सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड कॅरेक्टर आणि पुढे यू+२०१सी असं काहीतरी. ओळ तर पुस्तकात आहे तश्शीच दिसत होती, अक्षर न अक्षर ताडून बघितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पायथन काढून परत टाकलं, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी एका मोठ्या ग्रुपवर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून टाकला आणि विचारलं की हे काय आहे (ग्रुपचं नाव सांगत नाही, गरज पण नाही).

पहिलं उत्तर, स्क्रीनशॉट घेता येत नाही आणि निघाले पायथन शिकायला. दुसरं, एरर इंग्लिशमध्येच लिहिलाय की, वाचता येतं ना? तिसऱ्याने विचारलं तुम्ही काय करता, मी सरळ मनाने सांगितलं शिक्षक आहे, झालं, मग "असे मास्तर असले तर पोरांचं काय होणार" आणि त्याच्याखाली दहा-बारा हसणारे चेहरे. एकाने नुसतं "गूगल" एवढंच लिहिलं. उत्तर मात्र कोणी दिलं नाही. रात्री पोस्ट डिलीट केली.

माझं एक वेळ राहू दे, माझं वय झालं, मी पचवतो. पण त्या ग्रुपवर मला घेऊन गेलेली ती माझीच जुनी विद्यार्थिनी, आता पॉलिटेक्निकला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्लिश, आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांसारखी. तिने ते सगळं वाचलं. नंतर बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, सर, तुम्हाला असं बोलले, मी तर कध्धीच काय विचारणार नाही. तिच्या प्रोजेक्टचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दोन आठवडे अडून पडलाय हे मला तेव्हा कळलं. तिने कोणालाच विचारलं नव्हतं, घरात बसून एकटीच झगडत होती.

एररचं नंतर कळलं. आपण सरळ अवतरणचिन्ह टाईप केलं तरी वर्ड ते आपोआप वाकडं करतं, छापील पुस्तकात असतं तसं, आणि पायथनला ते वाकडं चालत नाही. यू+२०१सी हा त्या वाकड्या चिन्हाचा युनिकोडमधला नंबर. एका ओळीत सांगण्यासारखं होतं.

आता प्रश्न. हे सगळीकडे असंच असतं का? माझं विचारणं चुकलं का? आणि त्या पोरीला मी काय सांगू?

रात्रपाळी
मास्तर, आधी तुमच्या चुकीचं बोलून टाकूया, म्हणजे ते संपलं. फोटोऐवजी एररचा मजकूर कॉपी करून टाकला असता तर बरं झालं असतं, कारण मजकूर शोधला की सापडतो, फोटोतली अक्षरं पुढच्या माणसाला तशी सापडत नाहीत. बस, एवढंच. हे सांगायला मला एक वाक्य लागलं आणि त्यात कोणाची लाज काढावी लागली नाही.

मी वेर्णाला एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, बहुतेक रात्रीची ड्युटी, आणि लिनक्स ह्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्रुपांवर पंधरा वर्षं उत्तरं देत आलोय म्हणून आतली गोष्ट सांगतो. उत्तर देणारा माणूस दमतो. तोच प्रश्न आठवड्यात पाचव्यांदा येतो, पगार कोणी देत नाही, घरचे विचारतात रात्री दोन वाजता कोणाशी बोलतोस. हे खरं आहे. पण ह्यात नवीन काही नाही. वेब यायच्या आधी युजनेट होतं, म्हणजे चर्चेच्या ग्रुपांचं जाळं, तिथे दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांत नवीन पोरं यायची, त्यांना पहिल्यांदा अकाउंट मिळायचं, थोडे दिवस नुसता गोंधळ, मग जुनी मंडळी त्यांना तिथली रीत शिकवायची आणि हळूहळू सगळं थाऱ्यावर यायचं. १९९३ च्या सुमारापासून कंपन्यांनी घरोघरी कनेक्शनं द्यायला सुरुवात केली आणि नवीन माणसं बाराही महिने यायला लागली. जुन्यांनी त्याला नाव ठेवलं, न संपणारा सप्टेंबर. आजही ते नाव लोक कपाळाला आठ्या घालून घेतात. पण पूर्वी पोरं थाऱ्यावर यायची ती कोणीतरी बसून शिकवायचं म्हणून, हे कोणी बोलत नाही. शिकवणं सुटलं आणि कुरकुर तेवढी मागे राहिली.

दुसरं एक. ज्या लिनक्सवर माझं पोट चालतं ते सुरू झालं एका विचारण्यातून. १९९१ चा ऑगस्ट, लिनस टोरवाल्ड्स २१ वर्षांचा, मिनिक्स नावाच्या तेव्हाच्या एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्रुपवर त्याने लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं काय आवडत नाही ते सांगा. पुढे त्याच लिनसची जीभ किती कडक झाली ते सगळ्या जगाला माहीत आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाला, आणि त्याच दिवसांत लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणाऱ्यांनी नवीन आचारसंहिता घेतली.

ती बातमी मी ड्युटीवर वाचली. रात्र निवांत होती म्हणून माझेच जुने रिप्लाय उघडले. एका पोराला मी लिहिलं होतं "मॅन्युअल वाच, मग ये". त्याची प्रोफाईल उघडून बघितली. त्यानंतर त्याची एक पण पोस्ट नव्हती. कदाचित दुसरीकडे गेला असेल, कदाचित त्याला वेळ नसेल, मला माहीत नाही, पण ती रिकामी प्रोफाईल अजून डोळ्यासमोर येते. त्या दिवसापासून दमलो की मी काही लिहितच नाही, उठून चहा करतो. आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवलीत, आला प्रश्न की तिथून उचलून चिकटवतो, वर त्या माणसाचं नाव घालतो. अर्धा मिनिट लागतो.

माटोळी
मास्तर, वाचून खूप वाईट वाटलं, आणि त्या मुलीचं जास्त.

"गूगल" एवढंच लिहिणाऱ्याला मला सांगायचंय, शोधायला नाव माहीत असावं लागतं हो! त्या वाकड्या चिन्हांना स्मार्ट कोट्स म्हणतात हे ज्याला माहीत आहे त्याला उत्तर दोन सेकंदात मिळतं, ज्याला माहीत नाही तो काय टाईप करणार, "ओळ बरोबर आहे तरी चालत नाही"? मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन म्हापशाला आले, पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सासूबाईंनी माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) कांगलां आणायला सांगितली. मला फळ आहे की पान आहे ते पण ठाऊक नव्हतं. बाजारातल्या बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं, एक घोस उचलून समोर धरला आणि म्हणाली, हीं कांगलां. त्यानंतर मला कधी विचारावं लागलं नाही.

न्यूयॉर्कला रिकर्स सेंटर म्हणून एक जागा आहे, २०११ पासून चालू आहे, प्रोग्रामर लोक तिथे काही आठवडे एकमेकांसोबत बसून शिकतात. त्यांचे बसण्या-बोलण्याचे थोडेसेच नियम आहेत, त्यातला एक म्हणजे समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नसली तर आश्चर्याचा आव आणायचा नाही. "काय?! तुला टर्मिनल माहीत नाही?!" हे बोलायचं नाही. का, तर त्याने समोरच्याला काही शिकायला मिळत नाही, बोलणाऱ्याला तेवढं मोठं झाल्यासारखं वाटतं. मी टीममध्ये हा नियम सांगितला तेव्हा आठवडाभर सगळ्यांना जड गेलं, मला पण. आपल्याकडे "अगं, एवढं पण माहीत नाही?" हे प्रेमाने पण म्हणतात ना, जिभेवरच बसलंय.

अजून एक शब्द मी सोडलाय, तो म्हणजे "सोप्पं आहे". आपण धीर द्यायला म्हणतो, सोप्पं आहे, नुसतं हे असं करायचं, त्यात काय एवढं. आणि ज्याला ते जमत नाही तो मनात म्हणतो, सोपं असून मला जमत नाही म्हणजे मी मठ्ठ. आता मी म्हणते, "इथे सगळेच अडकतात, मी पण अडकले होते." ते खरंच असतं.

आणि बायकांचं वेगळं आहे हे पण लिहून टाकते. सुरुवातीला मी माझ्या नावाने प्रश्न टाकला की ग्रुपवर उत्तर येत नसे, पर्सनल मेसेज येत, "हाय, कुठून आहात". सहा महिने मी भावाच्या नावाने प्रश्न विचारले आणि त्याच ग्रुपवर नीट उत्तरं मिळाली. ती मुलगी विचारत नाही त्याला हे पण कारण असू शकतं, मास्तर, तिला एकदा हळूच विचारून बघा.

अंत्रुज
मी थोडं वेगळं बोलणार, राग मानू नका.

मास्तरांना जे बोलले ते वाईटच, त्यात वाद नाही. पण प्रत्येक कडक उत्तर म्हणजे अपमान असं पण धरू नका. मी फर्मागुढीला इंजिनियरिंग केलं आणि तेव्हापासून स्टॅक ओव्हरफ्लोवर आहे. ती साईट २००८ मध्ये आली ती शिकवणी म्हणून नाही, प्रश्नोत्तरांचं भांडार म्हणून, एक प्रश्न एकदाच आणि त्याला चांगलं उत्तर, म्हणून तिथे तोच प्रश्न परत आला की बंद करून जुन्याकडे बोट दाखवतात. नवीन माणसाला ते झिडकारल्यासारखं वाटतं. पण आज आपण सगळे शोधतो तेव्हा पहिल्या दोन-तीन लिंकांत नेमकं उत्तर मिळतं ते ह्याच शिस्तीमुळे. शिस्त नसती तर "प्लीज हेल्प अर्जंट" नावाचे हजारो धागे असते आणि एकात पण उत्तर नसतं.

आता त्यांचं पण चुकलं, आणि ते त्यांनी स्वतः कबूल केलं. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर लिहिलं की आमच्याकडे नवीन लोकांना, बायकांना आणि इतर बऱ्याच जणांना परकं वाटतं आणि हे बदलायला पाहिजे. त्याच वर्षी नवीन माणसाच्या प्रश्नावर हा नवीन आहे, जरा सांभाळून घ्या अशी खूण दिसायला लागली. मला ती खूण आवडली, कारण नियम तोच राहिला, बोलायची पद्धत तेवढी बदलली. प्रश्न बंद करा, पण का बंद केला ते सांगा आणि जुन्या उत्तराची लिंक द्या. माणसाबद्दल एक अक्षर बोलायचं कारणच पडत नाही.

पण विचारणाऱ्याकडे पण काही लागतं की नाही? सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी असाइनमेंट चिकटवून "कोड द्या" म्हणणारे मी रोज बघतो, त्यांना मी देत नाही आणि देणार पण नाही. मला एवढंच बघायचं असतं की हा माणूस स्वतः कुठपर्यंत आला. काय करायला गेलास, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, एररचे शब्द जसेच्या तसे, आणि आतापर्यंत काय काय करून बघितलंस. मास्तरांनी अक्षरं ताडून बघितली, पायथन परत टाकलं, हे त्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर निदान एक-दोन शहाणी माणसं पुढे आली असती असं मला वाटतं. हसणारे हसलेच असते, ते सोडा.

आणि एक विनंती आहे, मनापासून आहे. उत्तराने काम झालं तर परत येऊन "झालं" म्हणून सांगा. तेवढं पण कोणी करत नाही. आपल्याच अडचणीवरचा जुना धागा सापडावा, आपण आशेने खाली खाली जावं, आणि शेवटी नुसतं "नेव्हर माइंड, झालं" लिहिलेलं असावं, कसं झालं ते नाही, ह्यासारखा संताप दुसरा नाही.

घुमटवाला
मला कॉम्प्युटरातलं जास्त कळत नाही, पोराने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. आमचं घुमट आरतीचं पथक आहे, घुमट म्हणजे आमचं मातीचं वाद्य, चवथीच्या दोन महिने आधी सराव सुरू होतो. नवीन पोर आलं की त्याच्या हातात आधी कासाळें, म्हणजे झांजा, देतो, घुमट नाही, आणि जाणत्याच्या बाजूला बसवतो. आरतीत त्याचा ठोका चुकला तर आरती कोणी थांबवत नाही आणि त्याच्याकडे वळून पण कोणी बघत नाही. बाजूला बसलेला आपला ठोका जरा मोठा करतो. पोराच्या कानावर पडतो, दोन ओळींत ते आपोआप तालावर येतं. नंतर घरी जाताना वाटेत काय ते सांगायचं. मास्तर, तुमच्या त्या ग्रुपवर अख्खी आरती थांबवून सगळे पोराकडे बघत बसले असं मला वाटलं.

अंत्रुजबाबांचं पण पटलं. सरावाला न येता एकदम चवथीच्या दिवशी घुमट मागणारे आमच्याकडे पण असतात, त्यांना मी पण देत नाही.

साखळीचा मास्तर
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. तीन-तीनदा वाचलं.

अंत्रुज, तुमचं बरोबर आहे, मी काय काय करून बघितलं ते लिहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, वाटलं दोन संध्याकाळी घालवल्या हे सांगितलं तर अजून हसतील. म्हणजे जे लिहिलं असतं तर मदत मिळाली असती तेच मी भीतीने लपवलं. वर्गात पण हेच होतं हो. पोरं वहीत खोडलेलं गणित हाताने झाकतात, आणि मला नेमकं तेच खोडलेलं बघायचं असतं, चूक कुठे झाली ते तिथेच दिसतं.

आज सातवीच्या वर्गात एक केलं. फळ्यावर माझा तो एरर लिहिला आणि सांगितलं की ह्याच्यावर सरांच्या दोन संध्याकाळी गेल्या, आता तुम्ही शोधा. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, एरवी तोंड उघडत नाही, त्याने सांगितलं सर, ती चिन्हं तिरकी आहेत. चार मिनिटांत. मग त्याला पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायला लावलं.

माटोळीताई, त्या पोरीशी बोललो. तुम्ही म्हणालात ते पण होतं, जास्त इथे लिहीत नाही. तिला हा धागा वाचायला दिला. ती विचारते म्हणाली आहे, मी मध्ये पडणार नाही.

नवी बोर्डवाली
नमस्कार. मी सरांची विद्यार्थिनी. माझं इंग्लिश एवढं चांगलं नाही म्हणून मराठीत लिहिते.

माझ्याकडे अर्डुइनो ऊनोसारखा बोर्ड आहे (कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड), ओरिजिनल नाही, स्वस्तातला. प्रोग्राम लिहिला, तो व्हेरिफाय होतो, एरर नाही. पण अपलोड होत नाही. टूल्समध्ये पोर्टचा ऑप्शन फिका दिसतो, क्लिकच होत नाही. बोर्डवरची लाईट लागते म्हणजे बोर्ड जळलेला नाही असं मला वाटतं. मी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, लॅपटॉपचे तिन्ही यूएसबी बघितले, भावाच्या लॅपटॉपवर पण तेच. विंडोज १० आहे. दोन आठवडे झाले. स्क्रीनशॉट पण घेतलाय, पण टाकायचा कसा ते इथे कळत नाही, सॉरी.

रात्रपाळी
बाय, सॉरी कसलं, एवढा व्यवस्थित प्रश्न मी ह्या महिन्यात बघितला नाही. स्क्रीनशॉटची गरज नाही, तू लिहिलंस त्यातच सगळं आलं.

दोन शक्यता आहेत. स्वस्तातल्या बोर्डांवर बऱ्याचदा सीएच३४० नावाची यूएसबी चिप असते, ती विंडोजला ओळखता येत नसली तर तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. पण त्याच्या आधी केबल बदलून बघ. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत पॉवरच्या वायरी तेवढ्या, डेटाच्या नाहीतच. बोर्डाला वीज मिळते म्हणून लाईट लागते, आणि लॅपटॉपला बोर्ड आहे हेच कळत नाही. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, मी पण एकदा ह्यात एक अख्खी रात्र घालवली. घरात जुना प्रिंटर असेल तर त्याची केबल ऊनोला बसते, ती लावून बघ. नसेल बसत तर बोर्डाचं तोंड कसं आहे ते सांग, मग बघू.

नवी बोर्डवाली
प्रिंटरची केबल बसली!! मामाकडून आणली. पोर्ट दिसतो, कॉम ३. आधीची केबल नुसती चार्जिंगचीच असणार. ड्रायव्हर टाकावा लागला नाही. अपलोड झालं, लाईट एक-एक सेकंदाने लुकलुकते.

अंत्रुज सर, कसं झालं ते पूर्ण लिहिलंय.